नानकटाई निघाली सातासमुद्रापार

विलेपार्ले स्टेशन आलं हे कळायला पूर्वी पाटी वाचावी लागत नसे. भाजलेल्या बिस्किटांचा गोडसर वास लोकलच्या डब्यात शिरला की बसलेल्या बायका पिशव्या सावरून उठायच्या. १९२९ साली निघालेल्या पार्ले कंपनीने १९३९ मध्ये बिस्किटं करायला सुरुवात केली, आणि पूर्वेकडच्या त्या कारखान्याने या उपनगराला स्वतःचा असा एक वास दिला. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आता गाडी पार्ल्याला नुसतीच थांबते आणि पुढे अंधेरीला निघते.

पण मैत्रिणींनो, उपनगरातून बिस्किटांचा वास गेला असं मात्र समजू नका हं! नवरात्र सरलं की अंधेरी पूर्वेला आमच्या गल्लीतल्या बेकरीपाशी दुपारी तीनच्या सुमाराला या. हातात स्टीलचे डबे, पिशवीत मैदा, पिठीसाखर आणि तूप अशा दहा-बारा जणी ओळीने उभ्या दिसतील. सकाळच्या पावांचा घाणा निघाला, भट्टीचा कडकपणा जरा निवला, की आमची पाळी सुरू होते. नानकटाईला धग हवी ती अशीच, मवाळ. बेकरीवाला काळे पत्रे देतो. आपण पीठ मळायचं, पेढ्याएवढे गोळे करून पत्र्यावर अंतराअंतराने मांडायचे, वर चारोळी दाबायची आणि आपल्या नावाची चिठ्ठी पत्र्याच्या कडेला ठेवायची. लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पत्रे आत जातात आणि फुललेल्या, भेगाळलेल्या नानकटाया बाहेर येतात. मजुरी किलोवर.

त्या रांगेत उभं राहून शेजारणीला सहज विचारा, "किती किलो?" उत्तर साधारण असं येतं, "तीन. एक घरात, एक नणंदेकडे आणि एक मस्कतला." कुणाचा दीर आखातात, कुणाचा मुलगा मालवाहू जहाजावर, कुणाची मुलगी न्यू जर्सीला. माझा धाकटा भाऊ सैन्यात. या एवढ्याशा बेकरीतून निघालेला माल किती देशांत जातो, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल; पण अंधेरी असो, बोरिवली, मुलुंड की घाटकोपर, ऑक्टोबरातली दुपार अशीच असते.

पोचेल तेच पाठवावं

लांबच्या माणसाला खाऊ पाठवताना आपला जीव ओढतो तो त्याच्या आवडीकडे. माझ्या भावाला ओल्या नारळाच्या करंज्या फार प्रिय. आई दरवर्षी म्हणते, "चार तरी घाल गं त्यात." पण ओला नारळ दोन-तीन दिवसांचा सोबती. तीन आठवड्यांच्या प्रवासाला तो कसा पुरणार? आवडीचं पाठवलं आणि तिकडे डबा उघडताच बुरशी दिसली, तर त्या माणसाला खाऊही मिळत नाही आणि वर घरची हळहळ तेवढी मिळते. म्हणून मी एकच नियम पाळते: पोचेल तेच पाठवायचं.

नानकटाई पोचते, याचं कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच. पदार्थ खराब होतो तो मुख्यतः ओलाव्याने. लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. तेच कढवून तूप केलं की पाणी उडून जातं. नानकटाईत अंडं नाही, दूध नाही, मोहन आहे ते तुपाचं, आणि साखर उरलासुरला ओलावा धरून ठेवते. बुरशीला शिरायला जागाच उरत नाही. तिची जन्मकथाही अशीच टिकाऊपणाची आहे. सुरतेला डच व्यापाऱ्यांची एक बेकरी होती. डच निघून गेल्यावर ती त्यांच्याकडे काम करणाऱ्या फरामजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. ताडीने फुगवलेले पाव खपेनात, तेव्हा ते सुकवून विकता विकता नानकटाईचा शोध लागला, असं सांगतात.

आपणच काही याला एकट्या नाही बरं का. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बायकांपुढेही हाच प्रश्न होता. बोटीने जाणारा खाऊ आठवडेच्या आठवडे वाटेत. त्यांनी ओटचा कीस, मैदा, लोणी आणि साखरेचा घट्ट पाक घेऊन, अंडं टाळून, कडक बिस्किटं केली. अंझॅक बिस्किटं या नावाने ती त्या देशांत आजही घरोघरी होतात. अंडं टाळावं हे त्या बायकांना उमगलं आणि आपल्याकडे ते आधीच नव्हतं, एवढाच काय तो फरक!

माझं प्रमाण सांगते. मैदा दोन वाट्या, बारीक रवा पाव वाटी, बेसन पाव वाटी, पिठीसाखर एक वाटी, घट्ट साजूक तूप एक वाटी, चिमूटभर मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलची-जायफळाची पूड. तूप आणि साखर हाताने पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसायची. दंड भरून येतात, पण कंटाळू नका. मग पिठं चाळून मिसळायची. काही जणी गोळा मऊ व्हावा म्हणून चमचाभर दही घालतात. घरी खायला ते छान, पण प्रवासाच्या नानकटाईत दही नको. घरच्या ओव्हनला १६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. बुडाला बदामी रंग यायला हवा. फिकट नानकटाई दिसायला सुंदर, पण आतून ओलसर राहते.

आमच्या सासूबाई म्हणतात, "डालड्याची नानकटाई जास्त टिकायची." ते खरंच होतं. वनस्पती तूप साजूक तुपापेक्षा उशिरा खवट होतं. पण त्यातले ट्रान्स फॅट हृदयाला वाईट, म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे ते दोन टक्क्यांवर येऊ द्यायचे नाहीत असा नियम झाला आहे. मी साजूक तूपच वापरते आणि टिकण्याची काळजी डबा भरताना घेते.

डब्याची गोष्ट

भट्टीतून आलेली नानकटाई गरम असताना डब्यात भरली की झाकणाला आतून घाम सुटतो आणि सगळं सादळतं. पूर्ण गार होऊ द्या; ऑक्टोबरच्या दमट दिवसांत पंख्याखाली तासभर, त्याहून जास्त उघडी ठेवू नका. मग दोन-दोन नानकटाया पाठीला पाठ लावून बटर पेपरमध्ये गुंडाळायच्या. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात त्या आडव्या थरांनी रचायच्या, थराथरात पुन्हा कागद. डबा भरला की कानाशी धरून हलवून पाहा. आवाज आला तर जागा रिकामी आहे. तिथे कागदाचे बोळे कोंबा. झाकणाच्या फटीवरून चिकटपट्टी फिरवा. चकली, लसणीची चटणी यांना या डब्यात थारा नको; नानकटाई शेजाऱ्याचा वास फार लवकर उचलते.

बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात डबा मधोमध राहील असं पाहा आणि चारी बाजूंना नवा पंचा, लोकरी मोजे, बनियन असं काही दाबून भरा. खोक्याला धक्का बसला तर तो कपड्यांनी झेलायचा, आणि कपडेही त्या माणसाच्या उपयोगी पडतात.

आणखी एक युक्ती. त्याच घाण्यातला एक छोटा डबा अगदी तसाच बांधून घरी कपाटात ठेवा. आमच्याकडे त्याला 'साक्षीदार' म्हणतात. पार्सल पोचायच्या सुमाराला तो उघडायचा. आतली नानकटाई खुटकन मोडली, तर तिकडचीही ठीक असणार एवढा दिलासा मिळतो. मुलांना मात्र साक्षीदाराचा पत्ता सांगू नका!

नऊ आकड्याचं गाव

२०२३ च्या दिवाळीत माझा भाऊ दक्षिण लेबनानमध्ये होता. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडी पहिल्यांदा गेली ती १९९८ साली. भाऊ निघाला तेव्हा सगळं शांत होतं. ऑक्टोबरात इस्रायलच्या सीमेवर तोफांचे आवाज सुरू झाले आणि आईने टी.व्ही. बंद करणंच सोडलं. पार्सल पाठवावं की थांबावं, हा घरातला रोजचा वाद. आईचं म्हणणं, "त्याला तिथे जीव सांभाळू दे, तुझी नानकटाई कशाला?" मला वाटायचं, नेमकी आत्ताच पाठवायला हवी.

आता गंमत पाहा, या पार्सलावर लेबनान हा शब्दच लिहायचा नसतो. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली '५६ एपीओ'. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्याखाली सैन्याचा पिन, नऊ या आकड्याने सुरू होणारा. माणूस लडाखला असो वा परदेशातल्या भारतीय तुकडीत, आपण पत्ता लिहितो तो असाच. पार्सल आपल्या नेहमीच्या टपाल कार्यालयात द्यायचं. ५६ एपीओचं टपाल दिल्लीला सैन्याच्या मुख्य केंद्रात जातं आणि तिथून पुढची वाट सैन्याची डाकसेवा काढते. कुठल्या गावी, कुठल्या टेकडीवर, हे आपल्याला कळत नाही आणि कळूही नये.

हा नऊचा आकडा कुठून आला, हे मी आठवीच्या वर्गात मुद्दाम सांगते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिन सुरू झाला. तो योजला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, म्हणजे केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेल्या आपल्याच मराठी माणसाने. सारा देश आठ विभागांत बसवून नववा त्यांनी सैन्याला दिला. त्याच वर्षी १ मार्चला सैन्याच्या डाकसेवेचा स्वतंत्र कोअर झाला आणि त्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आपल्या नागपूरजवळच्या कामठीला. विदर्भातल्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

परदेशातल्या आपल्या जवानांपर्यंत टपाल नेण्याची ही रीत त्याहून जुनी. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांची जबाबदारी घ्यायला भारतीय दल गेलं होतं. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. त्या जवानांसाठी आपल्या टपाल तिकिटांवर देवनागरीत 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असं छापून दिलं होतं. परक्या मुलखात आपल्या अक्षरांचं तिकीट पाकिटावर चिकटवताना त्या पोरांना काय वाटलं असेल!

माझं पार्सल दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी पोचलं. साक्षीदार मी त्याआधीच उघडला होता, तो खुटखुटीत होता. भावाने फोनवर पहिलं वाक्य म्हटलं, "ताई, साठ होत्या ना? नऊ मोडल्या." बाकीच्या त्याच्या खोलीतल्या आणि शेजारच्या खोलीतल्या मुलांनी संपवल्या, मोडलेल्यांचा चुरा चहात बुडवून चमच्याने खाल्ला. त्या दिवशी तिकडे बाहेर काय चाललं होतं, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही दहा मिनिटं नानकटाईवरच बोललो. आई फोनला कान लावून शेजारी उभी होती. फोन ठेवल्यावर तिने टी.व्ही. बंद केला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी शंभर पाठव."

तेव्हापासून मी आवडीचा विचार करते तो जरा वेगळ्या तऱ्हेने. एका माणसाच्या नावाने गेलेला डबा तिथे एकटा माणूस खात नाही. म्हणून पाच मोठ्या लाडवांपेक्षा शंभर लहान नानकटाया बऱ्या.

बॅलार्ड पिअरची वाट

सैन्याची गोष्ट वेगळी. पण आखातात, अमेरिकेत किंवा आफ्रिकेत नोकरीला असलेल्यांचं पार्सल विदेश टपालाने जातं. मुंबईचं विदेश डाकघर बॅलार्ड इस्टेटला आहे. पार्सल देण्यासाठी तिथवर जायची गरज नाही, मोठ्या टपाल कार्यालयात ते घेतात. तरी एकदा सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन त्या बाजूला जाऊन या.

अंधेरीहून हार्बरची गाडी धरा आणि मशीद बंदरला उतरा. तिथे जुनं इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक त्या वास्तूत आहे. ज्यांची थडगी समुद्राशिवाय कुठेच नाहीत, असे हे लोक. आपल्या कोकणातली किती घरं त्या काळी बोटीवरच्या माणसाच्या मनिऑर्डरीवर चालत होती! आजही जहाजावरच्या माणसाला पार्सल पाठवणं सर्वांत अवघड, कारण त्याचा पत्ताच चालता असतो. माझ्या रांगेतली मैत्रीण तिच्या मुलाचा डबा त्याच जहाजावर रुजू व्हायला निघालेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हाती देते. हाच त्यातला खात्रीचा मार्ग.

तिथून चालत जनरल पोस्ट ऑफिस गाठा. १९१३ साली पूर्ण झालेली ही इमारत जॉन बेग यांची. तिचा घुमट पाहून विजापूरचा गोलघुमट आठवतो, आणि तो आठवावा म्हणूनच तसा बांधला आहे. पूर्वी मांजरपाटाच्या कापडात पार्सल शिवून, त्यावर लाखेचे ठिपके देऊन देणारे लोक याच परिसरात फुटपाथवर बसत. आता खोकी आणि चिकटपट्टी आली. पुढे दहा-पंधरा मिनिटांवर बॅलार्ड इस्टेट, दगडी इमारतींच्या सरळ रांगा आणि दुपारीही सावली असलेले रस्ते. इथल्याच धक्क्यावरून एके काळी माणसं विलायतेच्या बोटीत चढत.

विदेशी पार्सलाचा फॉर्म भरताना 'खाऊ' असा मोघम शब्द चालत नाही. प्रत्येक जिन्नस, त्याचं वजन आणि किंमत लिहा. तूप आणि मैदा असलेली बिस्किटं, असं स्पष्ट. खाद्यपदार्थांबाबत प्रत्येक देशाचे नियम निराळे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर फार कडक. आधी चौकशी करा, मगच पीठ मळायला घ्या.

भट्टी बदलते आहे

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. माझ्या वर्गात दम्याचा पंप दप्तरात घेऊन येणारी मुलं आहेत, त्यामुळे धूर जायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नवी भट्टी घ्यायची म्हणजे खर्च आला. आमच्या बेकरीवाल्याने भट्टी बदलली आणि मजुरी वाढवली; पलीकडच्या गल्लीतल्याने घरगुती घाणे घेणंच बंद केलं. पहिल्या दिवाळीत गॅसच्या भट्टीत आमच्या नानकटाया वरून लाल आणि आतून कच्च्या निघू लागल्या. विटांच्या भट्टीत मागे उरलेली ती मवाळ ऊब नवीन भट्टीत आपोआप मिळत नाही. मग आम्हीच बेकरीवाल्याला सांगितलं, धग कमी कर आणि पाच-सात मिनिटं जास्त ठेव. आता छान होतात.

तुमच्याही जवळ अशी बेकरी असेल, तर तिथे घाणा नेणं सोडू नका. आपण गेलो नाही, तर दुपारची ती भट्टी आपल्यासाठी कोण तापवील? आणि सैन्यातल्या माणसाला पाठवायचं असेल, तर नवरात्र संपायची वाट पाहत बसू नका. गणपती गेले की बेकरीवाल्याला दिवस विचारून ठेवा, पितृपक्ष आटोपताच पार्सल टाका. पत्ता दोनदा लिहा, एकदा खोक्यावर आणि एकदा आत, डब्याच्या झाकणावर. पिनचा पहिला आकडा नऊ आहे ना, तेवढं नीट पाहून घ्या.